पेट्रोल ऑटोमॅटिक कॅम्पर (आत झोपायची सोय असलेली गाडी) घाटात गिअर खाली टाकते आणि इंजिन ओरडतं, बिघाड आहे का?

बिघाड नाही हो. पेट्रोल इंजिनाची खरी ताकद वरच्या आरपीएमला (म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) असते, टर्बो डिझेलसारखं ते खालून ओढत नाही. म्हणून खोपोलीनंतर बोरघाटाचा चढ लागला की गिअरबॉक्स खाली उतरतो, काटा 4000 च्या आसपास जातो. लाल रेषेच्या आत असेल आणि तापमानाचा काटा जागेवर असेल तर ओरडू द्या. वाईट काय, तर तिसरा-चौथा-तिसरा असा सारखा चाललेला खेळ. त्यात गिअरबॉक्सचं तेल तापतं. मॅन्युअल मोडमध्ये तिसरा धरून ठेवा, डावी लेन सोडू नका.

खरी काळजी उताराची. खंडाळ्याहून मुंबईकडे येताना उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर घ्या. ब्रेक जरा जोरात दाबून वेग उतरवा आणि पाय काढा. मी एकदा पाय ठेवूनच खाली आलो. चहाला उतरलो तर पुढच्या चाकांतून जळका वास!

आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रल? अजिबात नको. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की आजच्या इंजिनात इंजेक्टर पेट्रोल तसंही बंद करतात.