गॅरेजात विमान बांधणाऱ्यास

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

घरी जोडायच्या विमानाचे किट मागवण्याचा तुझा विचार पक्का झाल्याचे कळले आणि मनापासून आनंद झाला. तुझा हात उद्यमनगरातल्या लेथवर बसला आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. मात्र बीड आणि पोलाद हाताळून लागलेल्या काही सवयी या कामात गॅरेजच्या दाराबाहेर ठेवाव्या लागतील आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे.

पोलादावर एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी ते सहसा थकत नाही. विमानाच्या पत्र्यातल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला अशी निश्चित मर्यादा नसते. लहानसा ताणही वारंवार येत राहिला तर तडा जाऊ शकतो आणि तो बहुधा भोकाच्या काठापासून किंवा एखाद्या ओरखड्यातून सुरू होतो. म्हणून ड्रिल मारल्यावर प्रत्येक भोकाची दोन्ही बाजूंची बर, म्हणजे काठाला उरलेली धातूची खरखरीत कोर, काढणे हेच या कामाचे मर्म आहे, असे मी मानतो. काउंटरसिंकचा, म्हणजे भोकाचे तोंड तिरके कापणारा, बिट हातात धरून हलकेच एक-दोन वेळा फिरवावा. जोर लावलास तर काठ खोलगट होऊन पत्रा नेमका तिथेच पातळ पडेल. नखाला खरखर लागली नाही, तरच पुढच्या भोकाकडे वळावे. खूण करायला स्क्राइबर (धातूवर ओरखडा काढणारे टोकदार हत्यार) नको आणि पेन्सिलही नको, कारण तिच्यातल्या ग्रॅफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजू लागते. बारीक मार्कर वापर. लोखंडावर चालवलेली कानस पत्र्याला लावू नकोस, कारण तिच्यातले लोखंडाचे कण पत्र्यात रुततात.

१/८ इंची रिव्हेट (पत्रे एकमेकांना जोडणारी मेख) ठोकल्यावर मागचे डोके व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच व्हायला हवे, आणि रिव्हेटचा मध्य पत्र्याच्या कडेपासून व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर हवा. किंचित उणे बसलेले रिव्हेट काढायची घाई करू नकोस. ते काढताना भोक मोठे होण्याचा धोका अनेकदा अधिक असतो.

बांधणीची जागा ठरवताना २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी कुठवर आले होते, याची चौकशी कर, आणि तयार पंख उंचावर ठेवण्याची सोय आधीच करून घे.

शेपटीपासून सुरुवात कर. इंजिन आणि उपकरणे शेवटी घ्यावीत, कारण बांधणी वर्षानुवर्षे चालते आणि तोवर उपकरणे जुनी होतात. वैमानिकासमोरच्या उपकरणांच्या फलकावर जितके जास्त चढवशील, तितके इंधनाचे आणि सोबत्याचे वजन कमी करावे लागेल. त्यामुळे हौसेपोटी एकही उपकरण घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

कागदपत्रांकडेही पहिल्या दिवसापासून लक्ष दे. मुंबईच्या कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांना डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून) नोंदणी २०१७ मध्ये आणि उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला, हे ध्यानात घे. काय केले, कोणत्या नकाशाप्रमाणे केले, कोणी तपासले याची तारखेसह नोंद ठेव आणि झाकले जाणारे प्रत्येक काम बंद करण्याआधी त्याचे छायाचित्र काढ.

किट येईपर्यंत टाकाऊ पत्र्यावर रिव्हेटचा सराव कर आणि त्यातले चांगले-वाईट दोन्ही तुकडे मला पाठव. पाहून सविस्तर कळवीन.

तुझा शुभचिंतक