वाचकांचे प्रश्न : साठीनंतरचं स्टिअरिंग

माझं वय ६७. गाडी २०१७ ची, पेट्रोल, जेमतेम २२ हजार किलोमीटर चाललेली. मे महिन्यात समृद्धी महामार्गानं शिर्डीला जायचं आहे. टायरची ग्रिप नव्यासारखी आहे, तरी मुलगा म्हणतो चारही टायर बदला. खरंच गरज आहे का?
— एक वाचक, प्रतापनगर

मुलगा बरोबर सांगतोय. फक्त चार नव्हे, पाच. स्टेपनीही त्याच वयाची आहे.

ग्रिप बघून टायरचं झिजणं कळतं, वय कळत नाही. बाजूच्या भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. ३२१७ असेल तर टायर २०१७ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला, म्हणजे ऑगस्टमधला. ओळ अपुरी दिसली तर टायरच्या आतल्या बाजूला बघावं लागतं. गाडी उभी असली तरी नागपूरच्या उन्हात रबर कडक होतच राहतं. चाक थोडं वळवून भिंतीवर टॉर्च मारा, केसासारख्या बारीक भेगा दिसतील. पाच-सहा वर्षांपुढचे टायर घेऊन गावात दूध-भाजीला फिरणं वेगळं आणि सलग तीन तास शंभरच्या वेगानं पळणं वेगळं.

आता हवेचं. उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवायची, हा सल्ला आपल्याकडे अजून पंपावर मिळतो. तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, त्या दबण्यानंच आत उष्णता साठते आणि शेवटी वरचा थर सुटतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्यात बहुधा दोन आकडे दिलेले असतात : कमी माणसांसाठी एक, भरलेल्या गाडीसाठी दुसरा. चौघं आणि सामान असेल तर दुसरा आकडा घ्या. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालायच्या आत तपासा. रस्त्यात तपासली तर दाब चार-पाच पीएसआय जास्त दिसेल. ते ठीकच आहे, काढू नका. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

टायर बदलताना व्हॉल्व्हही नवे घ्या, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करा आणि शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळून घ्या. हे शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. सगळं निघायच्या आदल्या दिवशी करू नका, आठवडाभर आधी करा.

वेळेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. नागपूर–शिर्डी अंतर ५२० किलोमीटर. कारला १२० ची मर्यादा आहे, म्हणून १२० नं जायलाच हवं असं नाही. नव्वदनं थांबे सोडून पावणेसहा तास लागतात, १२० नं चार तास वीस मिनिटं. वाचतो जेमतेम दीड तास, तोही न थांबता गेलात तर. पहाटे साडेपाचला शिवमडक्याहून, म्हणजे महामार्गाच्या नागपूरकडच्या टोकाहून, निघालात तर सूर्य पाठीशी राहतो आणि दुपारची झोपेची वेळ यायच्या आत पोचता. परतताना मात्र पहाटे निघू नका, पूर्वेचं ऊन थेट डोळ्यांत येतं. साडेनऊनंतर निघा. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर हा फरक फार जाणवतो.

दर दीड तासाला सोयीच्या ठिकाणी उतरून पाय मोकळे करा. कडेच्या पट्टीवर हौसेनं थांबू नका. गाडी बंदच पडली तर धोक्याचे दिवे लावा आणि सगळे जण कठड्यापलीकडे जा. गाडीत बसून मदतीची वाट पाहणं सगळ्यात वाईट.

तीन हजारांचा फास्टॅग वार्षिक पास घेतला. तरी समृद्धीवर पैसे कापले गेले. तक्रार कुठे करू?
— एक वाचक, मनीषनगर

तक्रारीचं कारण नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेला हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो. समृद्धी राज्य रस्ते विकास महामंडळाचा आहे. त्यासाठी फास्टॅगमध्ये वेगळी शिल्लक ठेवावी लागते. पासाच्या फेऱ्या दोनशे किंवा मुदत एक वर्ष, जे आधी संपेल ते.

वडील ६६ वर्षांचे. परवाना चार महिन्यांपूर्वी संपला, कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुन्हा चाचणी द्यावी लागेल?
— एक वाचक, सक्करदरा

नाही. संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तर चाचणी नाही, वर्ष उलटलं तर आहे. पण नूतनीकरण होईपर्यंत त्यांनी गाडी चालवू नये. पूर्वीची तीस दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीनं गेली. अर्ज ‘सारथी’ या परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर भरा, सोबत नमुना १-अ मधलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. त्या आधी डोळे तपासून घ्या, नंबर बदललेला असतोच. नवा परवाना पाच वर्षांचा मिळेल. पुढच्या वेळी मुदतीच्या वर्षभर आधीच अर्ज करता येतो.

इन्सुलिन घेते, गाडी मीच चालवते. प्रवासात पेन कुठे ठेवू?
— एक वाचक, महाल

डॅशबोर्डच्या कप्प्यात तर मुळीच नको. मेअखेरच्या नवतपात बंद गाडी उन्हात तासभर उभी राहिली की आतलं तापमान साठ अंशांच्या घरात जातं, वापरातल्या पेनला ते तीसच्या आत लागतं. साखर तपासायच्या स्ट्रिप्सही उष्णतेनं बिघडतात. पाण्यात भिजवून वापरायचं पाऊच नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतं. तत्त्व आपल्या कूलरचंच. पावसाळ्यात मात्र ते कूलरसारखंच नापास होतं. तेव्हा रुंद तोंडाचा थर्मास घ्या, खाली बर्फ, वर घडी केलेला रुमाल आणि त्यावर पेन. पेन बर्फाला टेकू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं.

निघण्याआधी साखर बघा. नव्वदच्या खाली असेल तर आधी खा, मग निघा. पुढे दर दोन तासांनी बघा. एसी चालू असताना घाम फुटला तर साखर उतरली असं समजा, गाडी सुरक्षित जागी घेऊन बंद करा, तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बिस्किटावर भागवू नका, त्यातल्या तुपा-तेलानं साखर चढायला वेळ लागतो. आकडा सुधारला तरी आणखी पाऊण तास स्टिअरिंगला हात लावू नका.