दिंडोरी शिराज घशाला का लागली

नाशिकच्या सुला कंपनीची दिंडोरी रिझर्व्ह शिराज (शिराज द्राक्षांची रेड वाइन) तुम्ही तांबड्या रश्श्याबरोबर ठेवलीत, पाहुण्यांचे घसे जळले, एकाला ती व्हिनेगरसारखी लागली आणि ‘नाशिकच्या रेडमध्ये दम नाही’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. हा त्रास मी पुरता भोगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ग्लास कोणता, बूच कसं काढायचं वगैरे सोडून देतो. मी काही या क्षेत्रातला पदवीधर नाही, त्यामुळे चवीबद्दलची मतं माझी समजा.

आधी सांगा, बाटली कुठून घेतलीत? आपल्याकडे रेड वाइनची माती होते ती दुकानात. माझ्या नेहमीच्या दुकानात बाटल्या दर्शनी काचेत, दुपारच्या उन्हात उभ्या असायच्या. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: ‘साहेब, वाइन जेवढी जुनी तेवढी चांगली!’ हे साफ चूक आहे. सुलाची शिराज-कॅबर्नेसारखी रोजची रेड दोन-तीन वर्षांत संपवायची असते. उन्हाळाभर तापलेल्या बाटलीतला फळाचा ताजेपणा जातो, शिजवलेल्या मनुकांसारखा वास येतो आणि मागे नुसता आंबटकडूपणा उरतो. मागच्या लेबलवरचा बाटलीत भरल्याचा महिना वाचा. बूच वर सरकलेलं असेल किंवा झाकणाखाली चिकट ओघळ दिसला, तर बाटली परत ठेवा. नाशिकहून थेट आणत असाल तर मे महिन्यात गाडीच्या डिकीत अजिबात टाकू नका. थर्मोकोलच्या खोक्यात घालून एसीत, सीटपाशी ठेवा.

दुसरी गोष्ट तापमानाची. ‘रेड रूम टेंपरेचरला प्यावी’ हा सल्ला थंड देशांतला. आपल्या ३२ अंशांच्या खोलीत अल्कोहोलच आधी नाकात जातं. १६ ते १८ अंश हवेत. फ्रिजमध्ये अर्धा तास पुरत नाही, तास-दीड तास लागतो. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मंनिम्मं घेऊन बाटली गळ्यापर्यंत बुडवा, पंधरा मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवलीत तर उशीर लागतो, कारण काचेला बर्फ सगळीकडून टेकत नाही.

आता जेवण. तिखटाने आधीच पोळलेल्या जिभेला १३-१४ टक्के अल्कोहोल आणि टॅनिन (रेडमधला तोंड कोरडं करणारा तुरट घटक) आणखी झोंबतं. त्यात तांबडा रस्सा वाफाळता आणि पातळ, म्हणजे टॅनिनला मवाळ करायला चरबीही बेताचीच. त्याच मटणाचं सुकं करा: मिरची एक तृतीयांश कमी, मिरपूड सढळ, भाजलेलं सुकं खोबरं भरपूर. शिराजमध्ये मुळातच मिऱ्याचा गंध असतो आणि ओक लाकडाच्या पिंपातून लवंग-दालचिनीची छटा येते, त्यामुळे सुकं आणि दिंडोरी छान जमतात. चवीला मीठ नीट असू द्या, अळणी मटणाबरोबर टॅनिन कडू लागतं.

शाकाहारी असाल तर गोडा मसाला आणि दाण्याचं कूट घातलेली भरली वांगी शिराज-कॅबर्नेबरोबर करून बघाच. मात्र गूळ नावापुरता. पदार्थ गोड झाला की कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन आंबट आणि पाणचट लागते. पुरणपोळीबरोबर रेड नकोच.

पांढऱ्या रश्श्याला सुलाची झिनफँडेल ही रेड, चांगली १४ अंशांपर्यंत गार करून. तळलेल्या बांगड्याबरोबर मात्र कुठलीच रेड उघडू नका. वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात गंजलेल्या खिळ्यासारखी चव राहते. तिथे शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन घ्या.

रासा ही सुलाचीच वरच्या दर्जाची शिराज आहे, पण दुकान बदलेपर्यंत तिच्यावर पैसे घालू नका. बाटली उरली तर झाकण लावून फ्रिजमध्येच ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. त्यानंतर खिम्यात पाव वाटी घातली तरी चालते, फक्त मसाला परतताना घाला आणि आंबूस वास जाईपर्यंत आटवा.