मनाच्या गोळ्या : गुण कधी येतो, त्रास का होतो

प्रश्न : आईचं वय ६६. नैराश्यासाठी एसिटालोप्राम ५ मिलिग्रॅम सुरू होऊन सहा दिवस झाले. मळमळतं, जीव घाबरतो, मन मात्र होतं तसंच. गोळी मानवत नाही म्हणून बंद करावी का? (कराड)

सहा दिवसांत गुण येत नाही; त्रास मात्र पहिल्याच दिवसापासून होऊ शकतो. या औषधाची सगळ्यात मोठी अडचण हीच, आणि अनेकांच्या गोळ्या याच सुरुवातीच्या दिवसांत बंद पडतात.

मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन हे रसायन सोडतात आणि वापरून झालं की परत ओढून घेतात. गोळी ही परत ओढण्याची वाट अडवते, तीही काही तासांतच. पण पेशीला स्वतःचा ब्रेक असतो. बाहेर सेरोटोनिन वाढलेलं दिसलं की ती सोडणंच कमी करते. हा ब्रेक सैल पडायला दोन-तीन आठवडे जातात, आणि पेशींमधल्या जोडण्या बदलायला त्याहून जास्त. (‘सेरोटोनिन कमी झालं म्हणून नैराश्य आलं’ हे सांगायला सोपं आहे, पण तेवढंच खरं नाही.) शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं. तिथे ब्रेक सैल होण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून मळमळ आणि पातळ शौच आधी येतं.

गोळी जेवणानंतर द्या. झोप उडत असेल तर सकाळी, पेंग येत असेल तर रात्री. मळमळ साधारण दोन आठवड्यांत ओसरते. आधी झोप, भूक, हालचाल सुधारते. ‘मन लागतंय’ असं आई स्वतः म्हणायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. घरच्यांना फरक बहुधा तिच्या आधी दिसतो.

तिच्या वयात दोन गोष्टी जपा. रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल, तर या गोळीबरोबर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ते तपासून घ्या. आई अचानक गोंधळल्यासारखी बोलायला लागली किंवा तोल जायला लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. दुसरं, गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक किंवा हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, तेव्हा ते डॉक्टरांना सांगा.

एका जागी बसवतच नाही इतकी तगमग झाली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. पंचविशीच्या आतल्या रुग्णांच्या बाबतीत पहिल्या काही आठवड्यांत यावर विशेष लक्ष हवं. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : भावाला बायपोलरसाठी (कधी उन्माद, कधी नैराश्य) लिथियम चालू आहे. सकाळची गोळी घेऊन दोन तासांनी रक्त दिलं, पातळी १.१ आली. डोस कमी करायचा का? रक्तदाब वाढलाय म्हणून घरी त्याचं मीठ तोडलं आहे. यंदा त्याला आळंदीहून वारीला जायचंय, एकादशीही करतो. (पुणे)

आधी मिठाचं, कारण चूक तिथे होते आहे. मूत्रपिंडाला लिथियम आणि सोडियम यांतला फरक फारसा कळत नाही. अंगातलं मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही. डोस तोच राहतो, रक्तातली पातळी मात्र चढते. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं जात होतं. मीठ तोडलेलं आणि वरून लिथियम, त्यात काही जण दगावले आणि ते बाजारातून काढावं लागलं. तेव्हा भावाचं मीठ रोज एकसारखं ठेवा. एकदम तोडू नका आणि एकदम वाढवूही नका, कारण वाढवलं तर पातळी उतरते. रक्तदाब वाढल्याचं मानसोपचारतज्ज्ञांना कळवा. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा थायझाइड गटातली लघवीची गोळी सुरू झाली तरी लिथियम चढतं.

आता रिपोर्ट. लिथियमचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनीच द्यायचं : रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, मग सकाळची गोळी. दोन तासांनी आलेल्या १.१ वरून काहीच ठरवता येत नाही. लॅबमध्ये ‘लिथियमसाठी रक्त’ असं सांगा. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या काही नळ्यांत लिथियमचाच क्षार असतो. रक्त त्यात घेतलं तर पातळी खोटी चढलेली दिसते. नेहमीच्या उपचारात ०.६ ते ०.८ मिलिमोल पुरते, काहींना १.० पर्यंत लागते. डोस बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी पातळी पाहतात. स्थिरावल्यावर तीन ते सहा महिन्यांनी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी.

एकादशी जरूर करावी, निर्जळी मात्र नको. साबुदाण्याच्या खिचडीतलं सैंधवही सोडियमच असतं, ते चालतं. वारीत खरी भीती घामाची. जवळपास तीन आठवडे रोज चालायचं असतं. पाणी जवळ ठेवा, जेवणातलं मीठ टाळू नका. पाय दुखले की जो तो डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन पुढे करतो. दोन्ही नकोत, पॅरासिटामॉल घ्या. उलट्या-जुलाब लागले तर ओआरएस सुरू करा, लिथियमची पुढची गोळी थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. निघण्याआधी पातळी तपासा आणि ‘लिथियम चालू’ अशी चिठ्ठी खिशात असू द्या.

बोटांना बारीक कंप, तहान, वारंवार लघवी हे नेहमीचे त्रास आहेत, पुढच्या भेटीत सांगितले तरी चालतात. पण हात जोरात थरथरणं, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं, गुंगी येणं ही विषबाधेची लक्षणं आहेत. साधारण १.५ च्या पुढे ती दिसतात, वयस्कांत आधीही. अशा वेळी थेट रुग्णालय गाठा, घरी मीठपाणी पाजत बसू नका.

प्रश्न : वर्षभर पॅरॉक्सेटिन (नैराश्यावरची गोळी) घेतलं, बरं वाटतं. गोळ्या संपल्या, आणल्या नाहीत. तिसऱ्या दिवसापासून चक्कर आणि डोक्यात करंट. सवय लागली का? (नाशिक)

व्यसन लागलं असं नाही. गोळीची ओढ लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण शरीर त्या मात्रेला सरावलेलं असतं. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन अंगातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांचा झटका जोराचा बसतो. फ्लुऑक्सेटिन कित्येक आठवडे रेंगाळतं, त्याचा कमी. गोळी पुन्हा सुरू केली की एक-दोन दिवसांत बहुधा थांबतं. डॉक्टरांना विचारून सुरू करा. आजार उलटल्याची शंका असेल तर दिवस मोजा. सोडण्याचा त्रास काही दिवसांत आणि शरीराला होतो. आजार उलटायला बहुधा आठवडे किंवा महिने लागतात.

बंद करताना दर टप्प्याला दोन ते चार आठवडे द्या. शेवटचा टप्पा सगळ्यात हळू. २० वरून १० वर येणं सोपं, १० वरून शून्य कठीण, कारण थोडी मात्राही मेंदूतल्या बऱ्याच जागा अडवून ठेवते. ‘एक दिवसाआड’ घेणं पॅरॉक्सेटिनला चालत नाही. आणि इच्छा कमी होणं, वीर्यपात लांबणं यामुळे गोळी सोडली असेल तर तेही सांगा. हा त्रास नैराश्याच्या अशा गोळ्यांत फार आढळतो, पण पत्रात कुणी लिहीत नाही. डोस किंवा औषध बदलून त्यावर उपाय होतो.

प्रश्न : मनःस्थितीचा तोल राखायला लॅमोट्रिजिन १०० मिलिग्रॅम चालू आहे. गावी गेले, आठ दिवस गोळी राहिली. उद्यापासून १०० घेऊ? (लातूर)

नको. पाच-सहा दिवसांहून जास्त खंड पडला की पुन्हा २५ पासून : दोन आठवडे २५, दोन आठवडे ५०, मग पुढे. व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर याच्या निम्म्याने. घाई केली की अंगावर घातक पुरळ उठू शकतं. पुरळ, ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड दिसले तर गोळी बंद आणि लगेच दवाखाना.

प्रश्न : माझं वय २६, लग्न ठरलंय. बायपोलरसाठी व्हॅल्प्रोएट चालू आहे. दिवस गेले की बंद करू, चालेल? (कोल्हापूर)

तेव्हा उशीर झालेला असेल. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते. पाळी चुकल्याचं कळेपर्यंत ते काम जवळजवळ उरकलेलं असतं. व्हॅल्प्रोएटवर असलेल्या मातांच्या शंभरपैकी सुमारे दहा बाळांत जन्मजात दोष आढळतात आणि तीस ते चाळीस मुलांत बोलणं, शिकणं मागे पडतं. फॉलिक ॲसिडने हा धोका पुसला जात नाही. मात्र स्वतःहून बंद केलंत तर लग्नाच्या धामधुमीत, जागरणांत आजार उसळेल. म्हणून आत्ताच वेळ घ्या आणि ‘मूल हवं आहे, दुसरं औषध कोणतं?’ एवढंच विचारा. बदल पूर्ण होईपर्यंत गर्भनिरोधक हवंच. दुसरं औषध लॅमोट्रिजिन ठरलं तर एक लक्षात ठेवा : इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी त्याची पातळी जवळपास निम्म्यावर येऊ शकते. त्यापेक्षा तांबी बरी.