एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अति चळवळीचा विकार) मोठेपणी जातो म्हणतात, मग ३४ व्या वर्षी माझं असं का होतंय? काय करू? (राहणार परभणी)

जातो, असं सांगणारे मला रोज भेटतात. त्यांत शिकलेले लोकही असतात, म्हणून आधी हे खोडते.

कमी होते ती अंगाची चळवळ. वर्गात बाक सोडून पळणारं पोरगं पस्तिशीत खुर्चीवर नीट बसतं. पण टेबलाखाली पाय हलत असतो, डोक्यात चार विषय एकदम चालू असतात आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तोंडातून उत्तर निसटतं. लक्ष न टिकणं, वेळेचा अंदाज न येणं, कामाला हातच न लागणं, पटकन भडकणं हे बहुतेकांत राहतं. ते मोठेपणीच जास्त नडतं, कारण शाळेची घंटा, आईची हाक, परीक्षेची तारीख असं बाहेरून ढकलणारं काही उरत नाही. मानसिक विकारांचं निदान ज्यावरून करतात त्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तकात म्हणूनच १७ वर्षं आणि पुढच्यांसाठी नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी धरली आहेत. अट एवढीच, की काही लक्षणं बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत आणि त्रास घर, काम अशा किमान दोन ठिकाणी हवा.

मी समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी एकाचं उदाहरण देते, ओळखीचे तपशील बदलून. लातूर जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र, वय ३६. जूनमध्ये पाऊस पडला की काउंटरवर पंचवीस-तीस माणसं. कोणाला सोयाबीनच्या किती पिशव्या, कोणाला डीएपी, कोणाचं रान काळं नि कोणाचं मुरमाड, सगळं तोंडपाठ. घाईत त्याचं डोकं उत्तम चालतं. पेरणी आटोपून दुकान थंड पडलं की वहीला हात लागत नाही. उधारीच्या चिठ्ठ्या शर्टाच्या खिशात, शर्ट धुण्यात. जीएसटीचं ३बी विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचं, पुढे दिवसाला ५० रुपये लेट फी. खात्यात पैसे असून तो दंड भरत होता. बायकोचा फोन आला की "येऊलालो, पाच मिंटात," आणि घरी पोचायला दीड तास. घरचे याला खोटारडेपणा म्हणत. त्याला मात्र ती पाच मिनिटंच वाटायची.

मोबाइलचा रिमाइंडर चालला नाही. वाजायचा तेव्हा गिऱ्हाईक समोर, बोटानं बंद केला की संपलं. उधारीचं अ‍ॅप तीन आठवडे टिकलं. उपयोग झाला तो एका नियमाचा: वही आणि पेन दोरीनं काउंटरला बांधायचं आणि नाव-रक्कम लिहून झाल्याशिवाय नोकरानं पोतं उचलायचं नाही, मालक ओरडला तरी. म्हणजे नोंद आठवणीवर न सोडता मालाच्या वाटेत आडवी टाकली. हिशेब रोज सात वाजता, फक्त २५ मिनिटं. शेजारी पुतण्या आपला अभ्यास घेऊन बसतो, हिशेबात मदत करत नाही. माणूस शेजारी असला की काम सुरू होतं, एकट्याला होत नाही. काट्यांचं मोठं घड्याळ पाठीमागच्या भिंतीवरून समोर आणलं. घरी सांगायच्या वेळेत "पाच मिनिटं" बंद. घड्याळात बघून "सव्वाआठ" असा आकडा सांगायचा. दोन महिन्यांनी वही दिसेनाशी झाली, म्हणजे होती तिथंच, पण नजर तिच्यावर ठरेना. असं होणारच. वहीचा रंग आणि जागा बदलली की पुन्हा चालतं. अशा वेळी "याला काहीच लागू पडत नाही" म्हणून सगळं सोडून देणं, ही सगळ्यात मोठी चूक.

औषधांचं थोडक्यात. मेथिलफेनिडेटची साधी गोळी तीन-चार तास काम करते, लांब चालणारी आठ ते बारा. गुण आला तर त्याच दिवशी कळतो. भूक मरते, नाडी आणि बीपी वाढू शकतं, उशिरा घेतली तर झोप उडते. ही एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि तालुक्याच्या मेडिकलवर बहुधा नसते, म्हणून संपायच्या आठ दिवस आधी मागवा. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध मोठ्या माणसाला सहसा ४० मिलिग्रॅमनं सुरू करून ८० पर्यंत नेतात. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि लोक दहाव्या दिवशीच सोडतात. उपाशीपोटी मळमळतं, जेवून घ्या. कॅप्सूल उघडू नका, आतली पूड डोळ्याला त्रास देते. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन ही नैराश्याची औषधं चालू असतील तर आधी सांगा, त्यानं याचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

नांदेड, लातूर, अंबाजोगाई आणि संभाजीनगरची घाटी, या सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग आहे; यांपैकी तुम्हाला नांदेड जवळ. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. एमआरआय किंवा रक्त तपासून एडीएचडी ठरत नाही, तसं सांगून पैसे घेणाऱ्याकडून उठून या. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि घोरणं मात्र तपासून घ्या, तिन्हींत लक्ष असंच उडतं. पूर्वी कधी आठवडाभर झोप न लागता अंगात वारं भरल्यासारखं झालं असेल, किंवा हृदयाचा त्रास असेल, तर हे पहिल्याच वाक्यात सांगा, औषध वेगळं ठरेल. तंबाखू-गुटखाही लपवू नका. निकोटिननं घटकाभर लक्ष बांधलं जातं, त्यामुळे ही सवय या लोकांत जास्त असते.

राहिला घरच्यांचा इलाज: पहाटे चारला उठव, मोबाइल काढून घे, लग्न करून दे. झोप सुधारली तर फायदा होतो, हे मान्य. पण लग्नानं एडीएचडी बरा होत नाही. विसरलेल्या कामांचा भार एका बाईच्या डोक्यावर जातो, आणि दोन वर्षांनी ती माझ्यासमोर रडत बसते.

पहिल्या भेटीला माळ्यावरची प्रगतिपुस्तकं शोधून न्या, "हुशार आहे पण लक्ष देत नाही" असा शेरा असेल तर त्या पानाला खूण करा. वडिलांनाही घेऊन जा. ते चिडून "हा पहिलीपासून असाच आहे" म्हणतील, तेव्हा मध्ये बोलू नका. डॉक्टरांना नेमकं तेच लिहून घ्यायचं असतं.