‘पेंटर’ हे आडनाव की धंदा?

प्रश्न असा आला आहे: मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक ‘बाबूराव पेंटर’ यांच्या नावातलं ‘पेंटर’ हे आडनाव समजायचं, की नुसती धंद्याची ओळख? आणि मराठीत चित्रकार, चितारी, रंगारी असे शब्द असताना इंग्रजी शब्दच का चिकटला?

मूळ आडनाव मेस्त्री. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०, कोल्हापूर. पण ‘मेस्त्री’ तरी मुळातलं आपलं कुठे आहे? पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ म्हणजे उस्ताद, कसबी कारागीर. त्यावरून आपला मेस्त्री-मिस्त्री, आणि कोकण-गोव्यातला मेस्त. या ‘मेस्त्रे’चं मूळ लॅटिन ‘मागिस्तेर’. त्याच मुळावरचा ‘मास्टर’ इंग्रजीतून आला आणि शाळेत ‘मास्तर’ होऊन बसला. म्हणजे कोल्हापूरचेच नट-दिग्दर्शक मास्टर विनायक आणि हे बाबूराव मेस्त्री, दोघांच्या नावात एकच शब्द दोन वाटांनी आलेला आहे. (आडनावांच्या शुद्धतेवर तावातावाने बोलणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.)

आता ‘पेंटर’. बाबूराव आणि त्यांचे भाऊबंद आनंदराव, दोघेही या नावाने ओळखले गेले. १९१० ते १९१६च्या सुमारास संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यात या जोडीचा मोठा लौकिक होता. ‘रंगारी’ म्हटलं की कापड रंगवणारा डोळ्यांपुढे येतो. ‘चितारी’ला सावंतवाडी-गोव्याकडे एका समाजाचा आणि लाकडी खेळण्यांचा वास आहे. ‘चित्रकार’ पुस्तकी. माझ्या मते राजवाडा, देवघर, अरण्य असे भलेमोठे पडदे मंडळीच्या मागणीबरहुकूम रंगवून देणाऱ्या माणसाला ‘पेंटर’च बरोबर बसला. आज हा शब्द दुकानाच्या पाट्या आणि घराच्या भिंती रंगवणाऱ्यापर्यंत उतरला आहे. तेव्हा त्यात नवेपणाचा रुबाब होता.

गंमत अशी, की सिनेमात आल्यावर याच पेंटरांनी रंगवलेले पडदे मागे टाकले. त्यांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’च्या मूकपटांत सपाट पडद्यांच्या जागी खरी लांबी-रुंदी-खोली असलेले, माणसं वावरू शकतील असे देखावे उभे राहिले. कृत्रिम प्रकाशाचा वापरही त्यांनी आणला. कॅमेऱ्याची गोष्ट तर ‘मेस्त्री’ नावालाच शोभणारी. दोघा भावांनी मुंबईच्या चोरबाजारातून प्रोजेक्टर आणला. त्याच्या अभ्यासावरून कॅमेरा बांधायचा घाट घातला. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८मध्ये चालता कॅमेरा उभा केला. त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२०चा. पुढे ‘प्रभात’ फिल्म कंपनी काढणारे दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम हे सगळे याच कंपनीत तयार झाले.

म्हणून ‘त्यांना पेंटर का म्हणत?’ याचं ‘ते चित्रं काढत’ हे उत्तर मला तोकडं वाटतं. स्वतःच्या चित्रपटांची पोस्टर्स ते स्वतः रंगवत, हे खरंच. पोशाखांची, पात्रांची रेखाटनंही आधी करून ठेवत. पण दिग्दर्शक म्हणून त्यांची जी कामगिरी सांगितली जाते, ती निम्मी तरी यंत्राची आणि सुतारकामाची आहे. नव्या आडनावाने जेवढं सांगितलं, तेवढंच त्याने झाकलंही. लोकमान्यांनी ‘सिनेमा केसरी’ म्हटलं, लोक ‘कलामहर्षी’ म्हणाले. यांतून कॅमेरा बांधणारा हात कुठेच दिसत नाही.

राहिला लिहिण्याचा प्रश्न. धंद्याचं नाव असेल तर ‘पेंटरने पाटी रंगवली’. या गृहस्थांविषयी मात्र ‘पेंटरांनी कॅमेरा बांधला’ किंवा ‘बाबूराव पेंटर यांनी’ असं लिहावं, कुलकर्ण्यांनी-देशपांड्यांनी म्हणतो तसंच आदरार्थी. ‘पेंटर बाबूराव’ असा उलटा क्रम नको. त्याने धंदा पुढे येतो आणि नाव मोडतं. सूचीत ‘पेंटर, बाबूराव’ अशी नोंद करून ‘मेस्त्री’ खाली ‘पाहा: पेंटर’ एवढं लिहिलं, की शोधणाऱ्याची चुकामूक होत नाही.