मधुमेहाचे रुग्ण औषधं मध्येच का सोडतात?

मुख्य कारण म्हणजे उपचाराचा जाच रोज जाणवतो, पण फायदा डोळ्यांना दिसत नाही. साखर वाढलेली असली तरी बऱ्याचदा काही दुखत-खुपत नाही. उलट मेटफॉर्मिन ही साखर कमी करणारी गोळी सुरू केल्यावर पहिले काही दिवस पोट बिघडतं आणि माणूस म्हणतो, ‘गोळीनेच त्रास होतोय.’ ती जेवणासोबत घेतली किंवा डॉक्टरांना विचारून हळूहळू विरघळणारी गोळी घेतली तर हा त्रास बराच कमी होतो, पण हे कित्येकांना कुणी सांगितलेलंच नसतं. इन्शुलिनची भीती वेगळी: एकदा रक्तातली साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली जाऊन दरदरून घाम फुटला, हात थरथरले, की पुढचा डोस आपल्या मनानेच कमी केला जातो. बाकी खर्च, दिवसातून किती वेळा औषध, घरच्यांची साथ आणि डॉक्टर ऐकून घेतात का, हेही आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांत उपचार नियमित पाळण्याचं प्रमाण सरासरी ५० टक्केच आहे. मात्र साखर आटोक्यात नाही म्हणजे गोळ्या चुकवल्याच, असं धरू नका. कधी औषधच अपुरं पडत असतं. दटावण्याआधी कृपया विचारा.